वळणावरच्या दोन जागा

२ फेब्रुवारी, रविवार

आज जेवताना बायकोने जाहीर केलं की तिला मोटारींची शर्यत बघायला जायचं आहे. टीव्हीवर नव्हे, प्रत्यक्ष. तीही परदेशात, मे महिन्यात, शुक्रवारपासून रविवारपर्यंत.

मी पादचारी हक्क समितीचा अध्यक्ष. या शहरातला एकेक पदपथ मी भाषणं करकरून मिळवला आहे, आणि आता त्या प्रत्येक पदपथावर मोटारी उभ्या असतात. घास तोंडातच राहिला. तिचं म्हणणं पुढे चालूच होतं. "तिकिटं दोन काढीन म्हणते. वळणावरच्या जागा आहेत. एक माझं आणि दुसरं..."

कळलं, मी म्हणालो, आणि बोलायला लागलो.

आजचं बोलणं उत्तम झालं. ज्या खेळात माणूस निघतो तिथेच परत येतो आणि वाटेत पिंपभर इंधन फुंकतो, त्याला प्रवास म्हणायचं की घेरी? रोमन सम्राटांनी रथांच्या शर्यती भरवल्या त्या प्रजेने मान वर करून प्रश्न विचारू नयेत म्हणून; मान डावीउजवीकडे फिरवण्यातच तिचा दिवस जावा म्हणून. तिथून मी बैलगाडीच्या चाकावर आलो, चाकावरून कारखान्यावर, कारखान्यावरून आपल्या चौकातल्या बंद पडलेल्या सिग्नलवर. भाजी गार झाली, पण मुद्दा गरम राहिला.

चिमणीही जेवायला होती. चिमणी म्हणजे माझी धाकटी बहीण. लहानपणी हातपाय काडीसारखे होते म्हणून हे नाव पडलं. आता ती मोटार शिकवण्याची शाळा चालवते आणि तिने नुसतं "ब्रेक" म्हटलं तरी शेजारच्या गल्लीतल्या गाड्या थांबतात. ती शांतपणे जेवत होती. बोलण्याच्या ओघात हेही कळलं, की रविवारी दुपारी मी कुठे भाषणाला गेलो की या नणंदभावजया टीव्हीवर शर्यती बघतात. गेली कित्येक वर्षं. माझी समजूत होती की दोघी आडव्या होतात. मला कधी सांगितलं का नाहीस, असं विचारलं, तर बायको म्हणाली, "सांगणारच होते." कधी, ते काही बोलली नाही.

शेवटी मी उदार झालो. शत्रूचा किल्ला आतून पाहिल्याशिवाय त्यावर तोफ डागण्याचा अधिकार नाही, तेव्हा मीही तुझ्याबरोबर येतो, असं सांगून टाकलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणाचा विरोध, मी विचारलं. कुणी बोललं नाही. समितीत याला ठराव एकमताने मंजूर झाला म्हणतात. घरातही मी तीच पद्धत ठेवली आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

मनाला थोडी टोचणी आहे. उद्या कुणी विचारलं, की मोटारींविरुद्ध घसा फोडणारा माणूस मोटारी बघायला विमानाने कसा गेला, तर काय सांगू? उत्तर तयार केलं, वाचून पाहिलं, पटलं. मग समितीच्या बैठकीत आपणहूनच विषय काढला.

आमचे सचिव हे फार कमी बोलणारे गृहस्थ आहेत. माझ्याबरोबर राहून त्यांना ती सवय लागली, असं त्यांची बायको म्हणते. माझं निवेदन त्यांनी अखेरपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "अध्यक्ष, चालत जाणार का?"

इतिवृत्तात हे घेऊ नका, असं मी सांगितलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तयारी हाती घेतली. अशी कामं बायकांवर सोडली की माणूस पोचतो, पण कशासाठी पोचला ते त्याला कळत नाही. वाचनालयातून शर्यतींच्या इतिहासाचे दोन जाडजूड ग्रंथ आणले. शर्यतीच्या गावात एक वस्तुसंग्रहालय आहे आणि नदीवर एक जुना पूल आहे, ज्यावरून फक्त पायी जाता येतं. शनिवारची सकाळ पुलाला दिली.

बायको म्हणाली, शनिवारी पात्रता फेरी असते. म्हणजे काय, मी विचारलं. रविवारी कोण कुठून सुटणार ते त्या दिवशी ठरतं, म्हणून शनिवार चुकवायचा नसतो, असं ती म्हणत होती. पण तेवढ्यात मला संग्रहालयाची वेळ आठवली आणि तो विषय राहून गेला.

जागांबद्दलही मी आक्षेप नोंदवला. वळण कशाला? अंतिम रेषेसमोर बसावं. मी जन्मभर इतिहास शिकवला; मला शेवट दिसायला हवा. ती म्हणाली, "सरळ रस्त्यावर नुसतं झुईं होतं हो. वळणावर कळतं कोण घाबरलं ते."

वाक्य बरं आहे. कुठेतरी वापरता येईल.

२ मार्च, रविवार

आज भाषण रद्द झालं, म्हणून दुपारी घरी होतो. शर्यत चालू होती. चिमणी आधीच येऊन गादीवर पाय पसरून बसली होती. मला बघून दोघी जरा सरकल्या.

एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. मधेच एक गाडी थांबली, माणसं धावली, डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच चारही चाकं बदलून झाली आणि गाडी गेलीसुद्धा. बायको पुढे वाकून बघत होती. मला म्हणाली, "बघितलंत? एवढी माणसं, पण कुणी कुणाशी एक शब्द बोललं नाही."

मी म्हटलं, शिस्त ही मुळात सैन्यातून आलेली कल्पना आहे, आणि मग सैन्याच्या अनुषंगाने थोडं सांगितलं. शर्यत कोण जिंकलं ते त्या नादात कळलं नाही. चिमणी जाताना म्हणाली, "दादा, तुझी भाषणं रद्द होऊ लागली तर आमचं कसं व्हायचं?" बहिणीला भावाच्या कामाची काळजी असावी, हे पाहून बरं वाटलं.

१९ मार्च, बुधवार

चिमणीने पासपोर्ट नवा करून घेतला. तुला कशाला, मी विचारलं. असावा जवळ, म्हणाली.

५ एप्रिल, शनिवार

आजची नोंद लिहायची की नाही, याचा विचार करत बराच वेळ पेन हातात धरून बसलो होतो. लिहितो.

आमच्या घराच्या मागच्या बाजूला बायकोची कामाची खोली आहे. ती दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवते. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, मेणाचा वास, आणि दिवसभर घासायच्या मोटारीची घरघर. माझी वरची कवळीही तिचीच. चिमणी त्यावरून मला नेहमी चिडवते: "दादा, दात वहिनीचे. जीभ तेवढी तुझी."

शर्यतीच्या ठिकाणी कानठळ्या बसतात, म्हणून बायकोने कानात घालायचे बोळे घरीच केले आहेत. कवळीसाठी जसं हिरड्यांचं माप घेतात, तसं मऊ रबर कानात भरून माप घ्यायचं आणि त्यावरून बोळा ओतायचा. बशीत दोन जोड होते. निळा तिचा, तो तिने स्वतःच्या कानात घालून मला दाखवला होता. म्हणून मी नारिंगी उचलला आणि कानात घालायला लागलो. जाईना. दुसऱ्या कानात घालून पाहिला. तिथेही टोकाशी लोंबायला लागला.

मी तिला म्हटलं, तुझ्या मापात चूक झाली. आयुष्यात पहिल्यांदाच, पण झाली.

ती एका कवळीला घासून आकार देत होती. मान वर न करता म्हणाली, "चूक नाही झाली. ते चिमणीच्या कानाचं आहे."

"आणि माझं?"

तिने मोटार बंद केली. "तुमचं केलंच नाही. दुसरं तिकीट चिमणीचं आहे. त्या दिवशी जेवताना तेच सांगत होते मी."

मी म्हटलं, त्याला दोन महिने झाले.

"दोन महिने तुम्ही बोलताय. मी म्हटलं थांबलात की सांगावं."

आता काय बोलावं, ते मला सुचलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण असं फारसं होत नाही. मग विचारलं, की मी नको का तुला? ती पदराला हात पुसत राहिली. म्हणाली, "नको असं नाही हो. पण तुम्ही आलात तर मला सगळं समजावून सांगाल."

"त्यात वाईट काय?"

"वाईट काही नाही. पण मला ते आधीच समजतं."

६ एप्रिल, रविवार

रात्रभर विचार करून आज मुद्दा लावून धरला. प्रतिपक्षाला बाजू मांडायची संधी आधी दिली. दोघींनी ती घेतली नाही. मग मी उठलो.

सहजीवन म्हणजे काय, इथून सुरुवात केली. जगाच्या पाठीवर जिथे जिथे नवरा आणि बायको यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, तिथे तिथे आधी सुट्ट्या वेगळ्या झाल्या होत्या. मी म्हटलं, मला शर्यतीचं सोयरसुतक नाही. मला तत्त्वाचं आहे. ज्या बाईच्या हातचे दात लावून मी जगाशी भांडलो, तिने परक्या मुलखात माझ्याशिवाय जावं, यात माझा अपमान नाही; यात आमच्या संसाराचा अपमान आहे. इथे माझा आवाज भरून आला. तो मुद्दाम आणलेला नव्हता. निदान सुरुवातीला नव्हता.

चिमणीने दोन्ही हात वर केले. "जा बाबा, तूच जा. मी पुढल्या वर्षी बघीन."

बायको खिडकीबाहेर बघत होती. "बरं," म्हणाली. "चला तुम्ही."

संपूर्ण विजय. विरोधात एकही मत नाही.

९ एप्रिल, बुधवार

आज माझ्या कानांची मापं घेतली. रबर भरल्यावर ते घट्ट होईपर्यंत गप्प बसायचं असतं. तोंड हललं की जबडा हलतो आणि माप बिघडतं. पहिल्यांदा बिघडलं. दुसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळेला बायकोने माझ्या हनुवटीखाली प्लास्टरचा एक जबडा ठेवला आणि तो पडला तर बघा, अशी खूण केली.

कान बंद झाले की जग काचेपलीकडे जातं. चिमणी तिचे बोळे परत द्यायला म्हणून आली होती, ती दारातल्या स्टुलावर बसली. दोघी बोलायला लागल्या. मला अक्षर ऐकू येत नव्हतं, म्हणून बघत बसलो.

बायको बोलत होती. चिमणी ऐकत होती. बायकोने एक कवळी हातात घेतली, ती टेबलावरून सरळ नेली, पिठाच्या डब्यासारख्या प्लास्टरच्या डब्याशी आल्यावर हात एकदम आवरला, कवळी आतल्या बाजूने वळवली आणि दुसऱ्या हातातल्या कवळीच्या पुढे काढली. मग मागे पडलेल्या कवळीचा चेहरा करून दाखवला. कवळीला चेहरा कसा असेल? पण होता. चिमणी पोट धरून हसत होती. मग बायको पुन्हा बोलायला लागली, भुवया, खांदे, बोटं सगळं बोलत होतं. संपतच नव्हतं. ती इतका वेळ बोलू शकते हे मला ठाऊक नव्हतं.

तिने माझ्या कानातून रबर काढलं आणि दोघी गप्प झाल्या.

काय चाललं होतं, मी विचारलं. काही नाही, बायको म्हणाली.

१३ एप्रिल, रविवार

सहप्रवासी या नात्याने मी आजचं भाषण दुसऱ्याला देऊन शर्यत बघायला घरी थांबलो. चिमणी आली नाही. तिला शिकवणी होती म्हणे. रविवारी?

बायको माझ्या शेजारी बसली. मी ग्रंथातून वाचलेलं सांगत होतो, तिला पार्श्वभूमी मिळावी म्हणून. ती हो म्हणत होती. मग तिने टीव्ही बंद केला. संपली का, मी विचारलं. संपल्यासारखीच, ती म्हणाली आणि कामाच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने घरघर सुरू झाली. रविवारी ती कधी काम करत नाही.

शनिवारी पूल आधी बघायचा की संग्रहालय, असं मी संध्याकाळी विचारलं. "तुम्ही म्हणाल तसं."

१६ एप्रिल, बुधवार

एक शंका लिहून ठेवतो. ती बाहेर कुठे बोलता येण्यासारखी नाही.

"तुम्ही म्हणाल तसं" हे वाक्य मी या घरात आयुष्यभर ऐकत आलो. ते मला पाठिंब्याचं वाटायचं. आता गेले काही दिवस ऐकताना वाटतं, की सभागृहातले लोक उठून गेले आहेत आणि मी दिवे विझेपर्यंत बोलतो आहे.

मी या वादात जिंकलो हे निर्विवाद आहे. माझे मुद्दे आजही मला पटतात. पण ती शर्यतीबद्दल आता बोलतच नाही. जागांचा विषय नाही, सामानाचा नाही. काल सहज म्हणाली, की नाही जमलं या वर्षी तर नाही. कवळ्यांची कामंही बरीच साठली आहेत. हे ऐकून मी दचकलो. याआधी ती किती ठिकाणी जायची राहिली, आणि दरवेळी कारण तिच्या कामाचंच कसं निघालं? मला वाटायचं की तिला घर सोडवत नाही.

पुढच्या बुधवारी व्हिसासाठी बोलावलं आहे. मी नाही म्हणालो तर? सरळ "तू चिमणीबरोबर जा" असं म्हणून पाहावं. एक छोटंसं निवेदन तयार केलं. वाचून पाहिलं तर त्यात माझा त्याग फार उठून दिसत होता. असलं निवेदन ऐकून ती जाणारच नाही. माझं तोंड बघून घरी बसेल आणि म्हणेल, काही अडत नाही.

निवेदन फाडलं.

२० एप्रिल, रविवार

आज मी समितीची वार्षिक सभा शर्यतीच्या रविवारी ठेवावी असा प्रस्ताव मांडला.

गदारोळ झाला. सभा नेहमी जूनच्या अखेरीला असते. मेमध्ये निम्मं शहर गावाला जातं. सभागृहाचं छप्पर त्याच महिन्यात दुरुस्त होणार आहे. खजिनदारबाईंनी थेट विचारलं, असं अडलंय काय? मी उभा राहिलो. वादळी सभांमध्ये मी जमावाला खाली बसवलं आहे, पण आज एकही कारण सापडेना. पादचाऱ्यांचे प्रश्न थांबू शकत नाहीत, असं काहीतरी म्हणालो. पादचाऱ्यांनी नाही तर कुणी थांबायचं, असं मागून कुणीतरी म्हटलं आणि लोक हसले.

मग सचिव म्हणाले, "त्या रविवारी अध्यक्ष परदेशात आहेत ना?"

समितीपेक्षा शर्यत मोठी नाही, मी म्हणालो.

सचिवांनी चष्मा काढला, पुसला, घातला. माझ्याकडे बघत राहिले. मग हात वर केला. "अनुमोदन." त्यांचा हात बघून आणखी काही हात वर झाले आणि प्रस्ताव कसाबसा तरला. संघटनेला इतका वाहून घेतलेला माणूस आपल्याकडे आहे याची मला कल्पना नव्हती.

जिना उतरताना ते म्हणाले, "आमची ही दर उन्हाळ्यात तिच्या बहिणीकडे जाते. मी फोनसुद्धा करत नाही. परत येते तेव्हा फार छान असते."

याचा सभेशी काय संबंध, ते मला कळलं नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

बायकोला सांगितलं. कामाच्या खोलीच्या दारात उभं राहून, सहज, दुसऱ्याच कुठल्या कामासाठी आल्यासारखं.

तिने मोटार बंद केली. "सभा पुढे नाही ढकलता येत?"

समितीच्या घटनेत बसत नाही, मी म्हणालो.

"घटना तुम्हीच लिहिलीय."

"म्हणून तर मला माहीत आहे ना."

माझं बोलणं तिथेच संपलं. आणखी दोन वाक्यं घशाशी आली होती, ती गिळली. ती माझ्याकडे बघत होती, तिच्यापुढे आलेल्या जबड्याकडे बघते तशी: कुठे उंच आहे, कुठे टोचतं आहे, बोट फिरवल्यासारखी. मला वाटलं, आता पकडला जातोय. जन्मभर खरं बोलण्याची सवय लावून घेतली की हे असं होतं. पहिलंच खोटं, आणि तेही इतकं कच्चं.

"तुमचे बोळे झालेत," ती म्हणाली.

राहू देत, मी म्हटलं. खजिनदारबाई बोलायला उठल्या की घालीन.

ती हसली. मग तिने हातातलं काम बाजूला ठेवलं, फोन उचलला आणि चिमणीला लावला. तिकिटावरचं आणि व्हिसाच्या अर्जातलं नाव बदलायचं चिमणीकडून राहूनच गेलं होतं म्हणे. या बाईच्या हातात लोकांचे जीव असतात आणि तिच्याकडून अशा गोष्टी राहून जातात. मी तिला फैलावर घेणार होतो, पण फोनवर बायको इतकी भराभर बोलत होती, की मी जाऊन भांडी आवरली.

२१ मे, बुधवार

निघाल्या. चिमणीने एवढीशी पिशवी घेतली होती, बायकोने त्याहून लहान. पुलाचा आणि संग्रहालयाचा तपशील मी लिहून दिला होता. तो तिने नीट घडी करून माझ्या टेबलावर ठेवला आहे.

गाडी आली तेव्हा चिमणीने चालकाला आधी आरसा नीट करायला लावला. बायको दारात रेंगाळली. औषधं कुठे आहेत ते सांगितलं. कवळी रात्री पाण्यात ठेवायची आठवण केली. मग म्हणाली, "सभेत फार नका बोलू. उन्हाळा आहे."

मी म्हटलं, आल्यावर मला सांग. शर्यतीचं.

"सगळं?"

सगळं.

"बघू," ती म्हणाली. माझा हात तिने जरा जास्त वेळ धरला होता, असं आता वाटतं. तेव्हा चिमणी हॉर्न वाजवत होती.

२५ मे, रविवार

सभा झाली. छपरावर कामगार ठोकत होते आणि मागच्या रांगा रिकाम्या होत्या. मी उभा राहिलो, अहवाल छापलेला आहे तो सर्वांनी घरी वाचावा असं सांगितलं, आणि खाली बसलो. सचिवांनी वाकून विचारलं, "तब्येत ठीक आहे ना?" खजिनदारबाईंनी हिशेब मांडायला सुरुवात केली, तेव्हा मी तो वाचल्याचं समजून मंजूर करावा असं सुचवलं. समितीच्या इतिहासातली सर्वांत छोटी सभा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी वाजवल्या त्यावर विचार करणार नाही.

मग घरी यायला निघालो. हे लिहावं की नाही? लिहितो, ही दैनंदिनी आहे. चौकात सिग्नल लाल होता, तोच, जो मी उपोषणाची धमकी देऊन दुरुस्त करून घेतला. पादचारी हक्क समितीचा अध्यक्ष तो लाल असताना धावत ओलांडून गेला. एका मोटारवाल्याने काच खाली करून "काका, नियम" असं म्हटलं. उत्तर द्यायला वेळ नव्हता.

टीव्ही लावला तेव्हा गाड्या सुटत होत्या. मी जवळ सरकून बसलो. वळण आलं की गाड्यांकडे बघायचं सोडून मागच्या माणसांकडे बघत होतो. ती ठिपक्यांसारखी दिसतात आणि क्षणात जातात. एका फेरीत दोन ठिपके उभे राहून हात हलवताना दिसले. त्याच असतील असं नाही. पुढच्या फेरीत मात्र ते दिसले नाहीत.

एक गोष्ट लक्षात आली. वळणाशी येताना एकाने ब्रेक उशिरा लावला, दुसऱ्याने लवकर. म्हणजे कोण घाबरलं ते खरंच कळतं. हे सांगायला मी मान वळवली. घरात कुणी नव्हतं.

२८ मे, बुधवार

काल दुपारी बायको परतली. कपाळ उन्हाने रापलं आहे, घसा बसला आहे. चिमणी म्हणाली, वहिनी तिथे इतक्या ओरडल्या की पुढच्या रांगेतला माणूस मागे वळून बघायला लागला. मी म्हटलं, ओरडली? ही? चिमणी म्हणाली, "दादा, तुला काही म्हणजे काही माहीत नाही," आणि घरी निघून गेली.

आज सकाळी चहा झाल्यावर बायको माझ्यासमोर येऊन बसली. सगळं म्हणालात ना, असं विचारून तिने सुरुवात केली. विमानात शेजारी बसलेल्या बाईपासून. ती बाई दर वर्षी जाते, एकटी. तिथून मुक्कामाच्या खोलीवर, खोलीच्या मालकिणीवर, मालकिणीच्या दातांवर. ते बनवणाऱ्याने वरचे पुढचे दोन फार लांब ठेवले होते. तिला राहवलं नाही, तिने कानशीने जागच्या जागी घासून दिले. यावर मला इतिहासातलं एक उदाहरण आठवलं आणि मी तोंड उघडलं. तिने हात वर केला, सभेत मी करतो तसा. मी तोंड मिटलं. पुढे पुन्हा एकदा उघडलं. पुन्हा हात.

दुपारी आम्ही दोघांनी मिळून जेवण केलं, ती तेव्हाही सांगत होती. भाजी गार झाली. संध्याकाळी सचिवांचा फोन आला, तेव्हा मी आत्ता बोलता येणार नाही म्हणून ठेवून दिला. आता ती पाणी प्यायला उठली आहे, तेवढ्यात हे चार शब्द खरडतो.

दिवसभर बोलते आहे. गाड्या अजून सुरू व्हायच्यात.